ग्राहक आधीच वहीत आहेत: जुन्या नोंदींवरून दुकानाची विक्री कशी वाढवायची

तालुक्याच्या गावातला दुकानदार जाहिरातीवर पैसे घालायचं ठरवतो, तेव्हा बहुतेक वेळा ते अनोळखी लोकांवर जातात. चौकात फ्लेक्स लागतो, रिक्षावर भोंगा फिरतो, फेसबुकवरची पोस्ट पैसे भरून पुढे ढकलली जाते. त्याच वेळी गल्ल्याखालच्या खणात दोन-तीन वर्षांची बिलबुकं आणि उधारीच्या वह्या पडून असतात. त्यांत नावं आहेत, गावं आहेत, तारखा आणि रकमा आहेत. या लोकांनी एकदा तरी तुमच्या दुकानाची पायरी चढून पैसे मोजलेले आहेत. त्यांना दुकान कुठे आहे हे सांगावं लागत नाही, माल कसा आहे हे पटवावं लागत नाही. म्हणून आधी त्यांच्याकडे वळावं, फ्लेक्स नंतर.

पुढची सगळी पद्धत एका उदाहरणावर मांडतो. समजा सेलू, अंबाजोगाई किंवा उदगीरसारख्या गावात तुमचं कापडाचं दुकान आहे. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. कृषी सेवा केंद्र, गॅरेज, किराणा किंवा भांड्याचं दुकान असेल तर अंतरं आणि महिने बदलतील, रीत तीच राहील.

नोंदी कुठे कुठे आहेत ते आधी पाहा

बिलबुक आणि उधारीची वही हे मुख्य स्रोत. उधारीची वही आपण वसुलीपुरती उघडतो, पण ग्राहकाची सगळ्यांत खरी माहिती तिथेच असते: माणूस कधी घेतो, कधी फेडतो, कुणाच्या ओळखीनं आला. शिवाय टेलर जोडलेला असेल तर त्याची मापाची वही, बस्त्याच्या याद्या, टॅली किंवा तसलं हिशोबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातली बिलं. व्हॉट्सॲपही चाळा. ‘अशी साडी आहे का?’ म्हणून लोकांनी पाठवलेले फोटो तिथे असतात. ज्यांना तेव्हा ‘नाही’ म्हणालात त्यांची वेगळी यादी करा. त्यांना काय हवं होतं हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय.

फोनपे, गूगल पे, पेटीएम यांच्या व्यापारी ॲपमधून महिन्यांचं स्टेटमेंट काढता येतं. त्यातून संदेश पाठवायची यादी करू नका. नंबर दरवेळी पूर्ण दिसत नाही आणि दिसला तरी तो जाहिरातीसाठी दिलेला नसतो. स्टेटमेंटचा उपयोग वेगळा आहे: कोणत्या वारी आणि किती वाजता पैसे येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी अकरा ते तीन गल्ला भरतो आणि इतर दिवशी संध्याकाळी, असं चित्र दिसलं, की खेड्यावरचा ग्राहक कोणत्या दिवशी मोकळा असतो हे कळलं.

सगळं एका तक्त्यात आणा

गूगल शीट पुरेसं आहे. दोन पानं करा. एक ‘ग्राहक’, ज्यात प्रत्येक माणूस एकदाच येईल. दुसरं ‘विक्री’, ज्यात प्रत्येक बिलाची एक ओळ: तारीख, मोबाईल नंबर, काय घेतलं, रक्कम, रोख की उधार.

किती मागे जायचं? निदान दोन दिवाळ्या पोटात येतील इतकं. एकाच दिवाळीची नोंद असेल तर गेल्या वर्षी आलेला माणूस यंदाही आला का, हे कधीच कळणार नाही. सगळी बिलं भरणं जड जात असेल तर पाचशे रुपयांखालची सोडा. फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप होतं, त्यामुळे एकानं बिलं वाचत जायची आणि एकानं तपासत जायचं, असं केलं तर काम वाटतं तितकं लांबत नाही.

इथे तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

नावावर भिस्त ठेवू नका. बाळासाहेब, बाळू, बा. ना. जाधव ही तीन नावं एकाच माणसाची असू शकतात. मोबाईल नंबर ही ओळख धरा, तोही फक्त दहा आकडी, पुढचं ९१ किंवा शून्य काढून. मात्र खेड्यात बऱ्याच घरांत दुकानाला दिलेला नंबर लेकाचा असतो आणि साडी घेणारी आई असते. म्हणून ‘फोन कुणाकडे असतो’ असा एक रकाना ठेवा. ‘मावशी, नवीन साड्या आल्यात’ असा संदेश पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवर जाऊन पडला तर तो वायाच गेला.

गावाचं नाव तालुक्यासह लिहा. पिंपळगाव, सावरगाव, वडगाव आपल्याकडे जागोजागी आहेत. शीटमध्ये गावांची ठरलेली यादी देऊन त्यातूनच निवडायची सोय करता येते. ती करा, नाहीतर एकच गाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि मोजणी फसते.

तारखेसाठी शीटच्या सेटिंगमध्ये देश म्हणून भारत निवडा. अमेरिकी पद्धत राहिली तर ३ ऑक्टोबरची विक्री १० मार्चला जाऊन बसते. आपला सगळा हिशोब मोसमावर उभा राहणार आहे, तिथे ही चूक परवडत नाही.

प्रत्येक ग्राहकाला तीन प्रश्न

शेवटचा कधी आला? किती वेळा आला? एकूण किती रुपयांचं घेतलं?

शीटमध्ये ‘पिव्हट टेबल’ म्हणून आपोआप बेरीज-मोजणी करणारी सोय असते. त्यात ओळींच्या जागी मोबाईल नंबर घाला आणि मूल्यांच्या जागी रकमेची बेरीज, बिलांची संख्या आणि सगळ्यांत अलीकडची तारीख. तिन्ही उत्तरं एका पानावर येतात. एकूण रकमेनुसार उतरत्या क्रमानं लावा आणि वरचे तीस-चाळीस जण शांतपणे वाचा. यात एक-दोन नावं अशी निघतात, जी गल्ल्यावर बसल्यावर कधी ‘मोठं गिऱ्हाईक’ वाटली नव्हती. दर दोन महिन्यांनी येऊन मुकाट्यानं हजार-बाराशेचं घेऊन जाणारी अंगणवाडीताई वर्षाकाठी किती देते, हे बेरजेतच दिसतं.

आता ‘दुरावलेला’ कुणाला म्हणायचं? याला सगळीकडे चालेल असा आकडा नाही, तो तुमच्या धंद्यातून काढावा लागतो. नियमित येणाऱ्या पंचवीस-तीस जणांच्या दोन खरेद्यांमधलं अंतर लिहा, चढत्या क्रमानं लावा, मधला आकडा घ्या. कापडात तो चार महिने आला असं धरू. मग आठ महिने उलटूनही न आलेला तो दुरावलेला. किराण्यात हेच अंतर दिवसांत निघेल, दुचाकीच्या गॅरेजात सर्व्हिसिंगच्या महिन्यांत.

एवढ्यावर ढोबळ गट पडतात: नेहमीचे, दुरावलेले, एकदाच येऊन गेलेले आणि बस्त्याचे. एकदाच आलेल्यांची यादी लांबलचक असते, तिच्यामागे सरसकट धावू नका. ज्या गावातून आधीच चार-पाच घरं येतात, तिथले आधी घ्या.

पैसा कधी येतो, तो रकाना

मार्केटिंगच्या कुठल्याही पुस्तकात वय, लिंग, आवड असे रकाने सांगितलेले असतात. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या दुकानाला त्यांच्यापेक्षा एक रकाना जास्त कामाचा आहे: या घरात पैसा कशावर आणि कधी येतो. पर्याय थोडेच ठेवा: सोयाबीन-तूर, कापूस, ऊस, ऊसतोड, पगार, व्यापार, माहीत नाही. हे विचारत बसायची गरज पडत नाही. निम्म्या ग्राहकांचं तुम्हाला आधीच ठाऊक असतं, उरलेल्यांचं ‘यंदा काय पेरलं भाऊ?’ एवढ्या बोलण्यात कळतं. जात, धर्म, जमीन किती, कर्ज किती हे मात्र लिहू नका. विक्रीला त्याचा उपयोग नाही आणि असली नोंद आपल्याकडे असणंही बरं नाही.

या रकान्यानं काय फरक पडतो पाहा. सोयाबीन सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात काढणीला येतं. मोंढ्यात माल घातला, आडत्याची पट्टी हातात पडली, की पुढच्या दोन आठवड्यांत घरात कपडे, किराणा, डागिने यांचं बोलणं निघतं. त्यांना संदेश जायला हवा तो तेव्हा. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांना साडी लागतेच, पण तो सण ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. पीक अजून रानात असतं आणि खत-फवारणीवर पैसा गेलेला असतो. त्या वेळी शेतकरी घराला सहाशे-आठशेतली साडी दाखवा, तीन हजारांची नाही. पगारदार घराला मात्र तेव्हाही भारी साडी दाखवता येते, फक्त संदेश महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ द्या.

तूर डिसेंबर-जानेवारीत येते, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. कापसाचा पैसा एकदम येत नाही. वेचण्या होत राहतात आणि भाव चढेल म्हणून बरीच घरं कापूस ठेवून देतात. त्यामुळे त्या गावांना एकच मोठा संदेश पाठवण्यापेक्षा नोव्हेंबर ते जानेवारी मध्ये थोडं अंतर ठेवून दोनदा आठवण करणं बरं. उसाचं बिल कायद्यानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत द्यायचं असतं, पण प्रत्यक्षात ते मागेपुढे होतं. म्हणून आपल्या भागातल्या कारखान्याचं बिल जमा झालं का, हे कळल्याशिवाय ऊसवाल्या गावांची यादी उघडू नका.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत वरचा ‘दुरावलेला’ हिशोब साफ चुकतो. बीड जिल्ह्यातली आणि शेजारच्या तालुक्यांतली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. निघण्याआधीची एक खरेदी चुकली तरी तो आठ महिन्यांच्या पुढे जातो, पण हा माणूस कुठे दुसरीकडे गेलेला नाही, तो उसाच्या फडात आहे. त्याला ‘बऱ्याच दिवसांत आला नाहीत, दहा टक्के सूट’ असं पाठवण्यात अर्थ नाही. मुकादमाकडून उचल मिळाल्यावर निघण्याआधीची खरेदी आणि परत आल्यावर एप्रिल-मेच्या लग्नांची खरेदी, या त्याच्या दोन वेळा. तुमच्या विक्रीच्या पानावर त्याच्या तारखा नीट पाहिल्या तर हेच दिसेल.

आणि या सगळ्या वेळापत्रकावर पाऊस कधीही पाणी फिरवू शकतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीनं मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं, घरं आणि जनावरंही गेली. अशा महिन्यात ठरलंय म्हणून दसरा ऑफरचा संदेश त्या गावांना जाणं हे धंद्याच्या आणि माणुसकीच्या दोन्ही हिशोबांनी चुकीचं. गावाचा रकाना असेल तर नदीकाठची तेवढी गावं यादीतून बाजूला काढता येतात. पाठवायचंच असेल तर उधारीला दोन महिने थांबतो एवढं कळवा.

बस्त्याची यादी

कापडाच्या दुकानात सगळ्यांत जास्त माहिती बस्त्याच्या यादीत असते आणि तीच आपण लग्न उरकलं की फेकून देतो. एका बस्त्यात दोन घरं, त्यांचे पाहुणे, कुणाला कोणत्या किमतीचा आहेर, कोणाला नऊवारी लागते, नवरदेवाचं माप, सगळं लिहिलेलं असतं. या यादीवर लग्नाची तारीख घालून ठेवा. पुढे पहिला दिवाळसण येतो, मग डोहाळजेवण, बारसं.

त्याहून मोठी संधी अधिक महिन्याची, म्हणजे धोंड्याच्या महिन्याची. लेक-जावयाला बोलावून कपडे करायची रीत आपल्याकडे घरोघरी पाळतात. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. या महिन्यात लग्नं लागत नाहीत, म्हणजे एरवी मे अखेरीस होणारी लगीनसराईची विक्री त्या वर्षी पडते. ज्याच्याकडे मागच्या तीन वर्षांतल्या बस्त्यांची यादी तारखेनिशी आहे, तो नेमक्या त्या घरांना महिना लागायच्या आधी कळवू शकतो. ज्याच्याकडे नाही, तो फ्लेक्स लावून वाट बघतो.

एक काळजी घ्याच. ही यादी पाठवण्याआधी स्वतः एकेक नाव वाचा, गावाकडच्या ओळखीच्या माणसाला विचारा. मधल्या काळात कुणाकडे दुःख झालेलं असतं, कुणाचं लग्न मोडलेलं असतं. संगणक हे सांगत नाही. चुकीच्या दारात गेलेला जावयाच्या पोशाखाचा संदेश ते घर कायमचं तोडतो.

संदेश कसा लिहायचा

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ग्राहकांना लेबल लावता येतं. आपले गट तिथे लेबल म्हणून उतरवा. एकच संदेश प्रत्येकाला वेगळा पोहोचवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबर बसतात, पण संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय. म्हणून बिल देतानाच ‘नंबर सेव्ह करून ठेवा, नवा माल आला की फोटो टाकतो’ असं सांगायची सवय लावून घ्या. सगळ्यांचा मिळून एक ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो, लेकीबाळींचे नंबर असे उघडे पडणं कुणालाच आवडत नाही.

मजकूर चार ओळींच्या पुढे नको. उदाहरणार्थ:

‘नमस्कार मावशी. मागल्या साली लेकीच्या लग्नाचा बस्ता आपल्याकडं बांधला होता. धोंड्याच्या महिन्यासाठी जावयांचे शर्ट-पँट पीस आणि लेकीसाठी साड्या आल्यात. निवांत बघता याव्यात म्हणून मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी या. मेसेज नको असतील तर ‘नको’ एवढंच लिहा.’

यात सूट नाही, उद्गारचिन्हं नाहीत. तुम्ही त्यांना ओळखता एवढं दिसतं आणि काय करायचं ते कळतं. फोटो जोडायचे तर दोनच, आपल्याच दुकानातले. कंपनीच्या मॉडेलचा फोटो पाहून आलेला माणूस रंग वेगळा निघाला की नाराज होतो.

वरच्या वीस-पंचवीस ग्राहकांना संदेश नको, फोन करा, तोही मालकानं स्वतः. उधारीची आठवण आणि नव्या मालाची बातमी एकाच संदेशात कधीही घालू नका. माणूस दोन्ही टाळतो, मग दुकानही टाळतो. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळे रानात असतात, त्या दिवशी काही पाठवू नका. महिन्याला दोन संदेशांच्या वर गेलात तर लोक ब्लॉक करू लागतात, असं माझं मत आहे. एकच जाणार असेल तर आणखी बरं.

उपयोग झाला का, हे मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, त्यामुळे दरवर्षी त्याच सवलतीवर पैसे जातात. समजा १२० दुरावलेले ग्राहक निघाले. यादी चिठ्ठ्या टाकून दोन भागांत करा. साठ जणांना पाच टक्के सुटीचा संदेश पाठवा, साठ जणांना काहीच नाही. तीन आठवडे थांबा. संदेश गेलेल्यांपैकी ११ आले आणि न गेलेल्यांपैकीही ५ आले, असं धरू. मग संदेशामुळे ११ नाही, ६ जण आले. पाच तर तसेही येणारच होते.

आता पैसे. सरासरी खरेदी १,८०० रुपये आणि त्यावर २० टक्के नफा, म्हणजे माणशी ३६०. सहा जणांचे २,१६०. सूट मात्र अकराही जणांनी घेतली: माणशी ९० प्रमाणे ९९० रुपये. हाती उरले १,१७०. पुढच्या खेपेला तोच संदेश सुटीशिवाय पाठवून पाहा. सहाच्या जागी पाच आले तरी पाच गुणिले ३६०, म्हणजे १,८०० उरतात. लोकांना सूट हवी असते हे खरं, पण किती जणांना आठवणच पुरते हे असं मोजल्याशिवाय कळत नाही.

नंबर आपल्याकडे विश्वासानं दिलेला असतो

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. त्याचा गाभा साधा आहे: माहिती कशासाठी घेताय ते सांगा, संमती घ्या, त्याच कामासाठी वापरा, नको म्हटलं की थांबा. बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं होतं. तक्त्यात ‘संमती: हो/नाही, तारीख’ असा रकाना ठेवा आणि ‘नको’ लिहिणाऱ्याला त्याच दिवशी यादीतून काढा. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी, म्हणजे पाठवणाऱ्याची आणि मजकुराची आधी नोंद, लागते. छोट्या दुकानाला त्या वाटेला जायची गरज सहसा पडत नाही.

निवडणूक आली की ‘तुमच्याकडं गावोगावचे नंबर आहेत, द्या की’ म्हणून कुणीतरी येतोच. फायनान्सवाले, प्लॉटवाले येतात. ओळखीचा असला तरी देऊ नका. लोकांनी नंबर कापडासाठी दिला होता. शीट दुकानाच्या स्वतंत्र ईमेल खात्यात ठेवा, त्याला दुहेरी पडताळणी लावा आणि कामावरच्या पोराला फक्त रोजची विक्री भरता येईल एवढीच मुभा द्या. पूर्ण यादी कुणाच्या खासगी फोनमध्ये राहू नये.

रोजच्या नोंदीला शटर ओढायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं पुरतात, मात्र ते काम एकाच माणसाचं असावं. गट वर्षातून दोनदा नव्यानं पाडा. एकदा पाडव्यानंतर, ऊसतोडीची घरं परतली की. दुसऱ्यांदा दसऱ्याआधी, आणि त्याला पितृपंधरवडा सोयीचा, कारण त्या पंधरा दिवसांत नवं कापड घ्यायला फारसं कुणी येत नाही आणि याद्या वाचायला मालकाला वेळ असतो.